चट्टोपाध्यायची फाईल

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाला नोकरीत बारा वर्षं होत आली की आजूबाजूचे विचारू लागतात, "मॅडम, चट्टोपाध्याय लागला का?" बाहेरच्या माणसाला वाटावं, कुणी बंगाली पाहुणे यायचे आहेत. चट्टोपाध्याय म्हणजे आमची वरिष्ठ वेतनश्रेणी. केंद्र सरकारने १९८३ मध्ये डी. पी. चट्टोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षकांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला होता. त्या आयोगाने शिक्षकाचं शिक्षण, त्याचा दर्जा, त्याची वाढ यांवर पुष्कळ लिहिलं. आमच्या तोंडी मात्र त्यातलं एवढंच उरलं, पगाराच्या एका टप्प्याचं नाव. महाराष्ट्रात १९८९ पासून बारा वर्षांनी वरिष्ठ आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, आणि दोन्हीसाठी सेवांतर्गत प्रशिक्षण ही अट.

बारा वर्षं भरली म्हणून श्रेणी आपोआप लागत नाही, प्रस्ताव करावा लागतो. पंचायत समितीतून व्हॉट्सॲपवर यादी आली. नियुक्ती आदेश, शिक्षणसेवक कालावधी (मानधनावरची पहिली तीन वर्षं) संपल्यानंतरचा नियमित नियुक्तीचा आदेश, जात वैधता, एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा, हिंदी-मराठी भाषा परीक्षेतून सूट मिळाल्याची नोंद, गोपनीय अहवाल, विभागीय चौकशी चालू नसल्याचा दाखला, सेवापुस्तकातल्या नोंदींच्या साक्षांकित प्रती आणि प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. सगळं दोन प्रतींत, टॅग लावून, पानांना क्रमांक घालून.

ज्यांनी पूर्ण नोकरी एकाच तालुक्यात केली त्यांना ही यादी साधी वाटते. माझं तसं नव्हतं. मी २००९ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या एका पाड्यावर शिक्षणसेवक म्हणून लागले, महिना तीन हजार मानधनावर. आंतरजिल्हा बदलीने २०१८ मध्ये माझ्या नाशिक जिल्ह्यात आले. बदलीत सेवाज्येष्ठता शून्यावर येते, ती आली, त्याचं दुःख तेव्हाच करून झालं. पण बदलीने आणखी एक गोष्ट होते ती कुणी सांगत नाही. तुमच्याबद्दल ज्यांना काही माहीत आहे ती माणसं एका जिल्ह्यात राहतात आणि तुम्ही दुसऱ्या. तुमच्यासोबत येतं ते फक्त सेवापुस्तक. आणि त्यात मध्येच माझं लग्न झालेलं. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली सगळी कागदपत्रं माहेरच्या नावाने, नंतरची सासरच्या नावाने. राजपत्रात नाव बदलून सेवापुस्तकात त्याची नोंद घेतलेली होती, पण प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांना राजपत्राशी काय देणंघेणं? एका प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव, एकावर नवऱ्याचं, एकावर इंग्रजी स्पेलिंग असं की मलाच वाचताना अडखळायला होतं. पुरुष शिक्षकांना ही कटकट नसते, म्हणून यादी करणाऱ्यांच्या डोक्यातही ती नसते.

मला तारलं ते वह्यांनी. त्या वह्या मी काही दूरदृष्टीने घातलेल्या नव्हत्या. त्या घालायला लावल्या आमच्या हेडसरांनी, आणि त्यांचं कारण अगदी व्यवहारी होतं.

पाड्यावरची शाळा द्विशिक्षकी, चार वर्ग. मी प्रशिक्षणाला गेले की चारही वर्ग सरांच्या गळ्यात. शिवाय शालेय पोषण आहाराची खिचडी, आलेले पाहुणे आणि एखादं रडणारं पहिलीतलं पोर. प्रशिक्षणाचा खर्च म्हणजे भत्ता आणि जेवण एवढाच हिशोब कागदावर दिसतो. खरा खर्च तिकडे शाळेत चाललेला असतो आणि तो दुसरा शिक्षक आणि मुलं भरतात. पहिल्या प्रशिक्षणाहून मी परतले तेव्हा सरांनी चहा पुढे केला आणि म्हणाले, "मॅडम, काय आणलं ते लिहून द्या. मी इथे चार वर्ग ओढले, मला त्यातलं काहीतरी मिळायला पाहिजे ना?" रागाने नाही, हसूनच म्हणाले. पण त्यांनी पुढच्या आठवड्यात वही मागितली आणि वाचली. समासात पेन्सिलीने प्रश्नही लिहिले. 'हे पहिलीला कसं?' 'साहित्य कुठून?' 'करून पाहिलं का?'

या तिसऱ्या प्रश्नामुळे वहीला दोन बाजू आल्या. डाव्या पानावर प्रशिक्षणात काय सांगितलं ते. उजवं पान कोरं सोडायचं आणि वर्गात करून पाहिल्यावर तिथे काय झालं ते लिहायचं. वहीच्या शेवटच्या पानांवर आदेशांची यादी: कोणत्या पत्राने कार्यमुक्त झाले, पत्राचा जावक क्रमांक, तारीख, ठिकाण, तज्ज्ञ कोण, प्रमाणपत्र मिळालं की नुसती हजेरीपटावर सही झाली. ही यादीही सरांचीच सवय. ते म्हणायचे, कागद हरवला तर चालतो, नंबर हरवता कामा नये.

तेव्हा २०१० चं वर्ष. एप्रिलमध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला होता, ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय आला. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं, संकलित म्हणजे सत्राच्या शेवटचं, आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी. त्या नोंदींचं पुढे काय झालं ते शिक्षकांना ठाऊक आहे. बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली आणि सातपुड्यातल्या पोरापासून कोकणातल्या पोरापर्यंत सगळी पोरं 'परिसरातील घटकांचे बारकाईने निरीक्षण करते' अशी एकाच वाक्यात बसली. मला तेव्हाही गंमत वाटायची आणि आता जास्त वाटते: मुलाच्या शिकण्याची नोंद ठेवा म्हणून शिक्षकाला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, पण शिक्षकाच्या शिकण्याची नोंद म्हणजे काय, तर हजेरीपटावरची सही आणि रंगीत किनारीचं प्रमाणपत्र. तयार नोंद कशी दिसते ते आम्हाला चांगलं कळतं. प्रमाणपत्र ही तशीच तयार नोंद आहे. सभागृहात बसलेल्या दोनशे जणांना एकच मजकूर.

तर, प्रस्तावाकडे. प्रशिक्षण आधी पूर्ण करायचं होतं. ते २०२२ मध्ये ऑनलाइन झालं, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत. शुल्क दोन हजार रुपये, राज्यभरातून नव्वद हजारांवर शिक्षकांची नोंदणी. जूनमध्ये, म्हणजे शाळा उघडायच्या धांदलीत. व्हिडिओ, वाचन साहित्य, चाचण्या, स्वाध्याय. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, ग्रुपवर रोज रात्री 'कुणाचं किती झालं' अशी विचारपूस चालायची आणि दोन-तीन दिवसांत उत्तरांचे फोटोही फिरायला लागले. मी कुणाला नावं ठेवणार नाही. दिवसभर पटनोंदणी, पुस्तकवाटप, गणवेशाची मापं आणि रात्री मोबाइलवर बालमानसशास्त्र, हे ज्याने केलं त्यालाच ते कळतं. पण जिथे स्वतःच्या वर्गातलं उदाहरण लिहायला वाव होता तिथे लोक अडायचे, आणि मी वही उघडायचे. उदाहरण शोधावं लागत नव्हतं, निवडावं लागत होतं.

प्रमाणपत्र हाती आलं आणि खरी फाईल तिथून पुढे सुरू झाली. सेवापुस्तक तपासताना आस्थापनेच्या भाऊसाहेबांनी, म्हणजे कारकुनांनी, बोट ठेवलं. शिक्षणसेवक कालावधीनंतरच्या नियमित नियुक्तीची नोंद सेवापुस्तकात होती, पण आदेश क्रमांक अर्धवट लिहिलेला, तारीख खाडाखोड केलेली, आणि त्यावर सही नाही.

"मॅडम, मूळ आदेश आणा."

मूळ आदेशाची माझ्याकडची प्रत २०१२ ची, फॅक्सच्या कागदासारखी पुसट झालेली. जुन्या तालुक्यातून साक्षांकित प्रत मागवायची तर तिथे आता मला ओळखणारं कोण? फोन केला तर उत्तर ठरलेलं: अर्ज करा, शोधून सांगतो. अशा शोधाला अंत नसतो, कारण शोधणाऱ्याच्या हातात फक्त साल असतं आणि समोर कपाटभर गठ्ठे.

वहीच्या शेवटच्या पानावर या आदेशाचाही जावक क्रमांक होता. तारखेसकट. तिकडच्या एका जुन्या सहकाऱ्याला तो पाठवला. त्यांनी जावक नोंदवही काढायला लावली, ओळ सापडली, ओळीवरून संचिका, संचिकेत कार्यालयीन प्रत. प्रत साक्षांकित होऊन टपालाने आली. त्याच भेटीत त्यांनी माझ्या यादीतल्या काही प्रशिक्षणांच्या कार्यमुक्ती आदेशांच्या प्रतीही काढून आणल्या. त्यातल्या एका आदेशात माझं माहेरचं नाव आणि शाळेचं नाव एकत्र होतं, तो पुढे नावाच्या घोळात कामाला आला.

चट्टोपाध्यायच्या प्रस्तावाला माझ्या सगळ्या प्रशिक्षणांची यादी लागत नव्हती, हे खरं. तिथे एकच प्रमाणपत्र लागतं. पण नोंदी कशासाठी ठेवायच्या असं विचारणाऱ्याला मी पहिलं हेच सांगते की कशासाठी लागतील ते आधी कळत नाही. आमच्या आधीच्या पिढीतल्या कित्येकांना एमएस-सीआयटीच्या तारखेने गाठलं. परीक्षा पास झालेले होते, पण मुदतीच्या आत झाले की नंतर, यावरून घेतलेल्या वेतनवाढी वसूल व्हायची वेळ आली. निकालाची तारीख दाखवणारा एक कागद, आणि हजारो रुपयांचा फरक. शिवाय आपल्याकडे माहिती मागवण्याची एक रीत आहे. दुपारी दोन वाजता गूगल फॉर्मची लिंक येते, विषय 'अतितात्काळ', मुदत सायंकाळी पाच: गेल्या पाच वर्षांत घेतलेली प्रशिक्षणे, कालावधी, ठिकाण, विषय. मग ग्रुपवर एकच गलका. 'गणित पेटीचं कधी झालं हो?' 'ते बीटवर झालं की तालुक्याला?' कुणीतरी एक तारीख टाकतो आणि पूर्ण केंद्र तीच तारीख भरून मोकळं होतं. शासनाकडे शिक्षक प्रशिक्षणाची जी आकडेवारी जमते ती काही अंशी अशी जमते, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

फाईलच्या निमित्ताने सगळ्या वह्या एकदा सलग वाचल्या गेल्या. त्या वाचताना चट्टोपाध्याय बाजूला राहिला.

डावी पानं सगळी सारखी. ज्ञानरचनावाद, मूल केंद्रस्थानी, आनंददायी शिक्षण, अध्ययन निष्पत्ती. सालाप्रमाणे शब्द बदलतात. उजवी पानं मात्र कुणाशी जुळत नाहीत.

जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाचा शासन निर्णय आला. त्या काळात साताऱ्याजवळच्या कुमठे बीटचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचं, नाव प्रत्येक शिक्षकाच्या तोंडी होतं. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिकडे जायच्या, आमचीही गेली. डाव्या पानावर मी तिथल्या फरशीवरच्या आखणीची चित्रं काढलीत: अक्षरांच्या चौकटी, संख्यांच्या उड्या, बाराखडीचं चक्र. तिथली पोरं आपापली कामात गढलेली, बाई कुठे आहेत ते शोधावं लागत होतं, असंही लिहिलंय. परतल्यावर आम्ही लोकवर्गणीतून ऑइलपेंट आणून दोन्ही खोल्यांची फरशी रंगवली. उजव्या पानावर, साधारण महिन्याने: 'पोरं आखणीवर बसतात, आखणी वापरत नाहीत. केंद्रप्रमुख खूश.' त्याखाली सरांचं पेन्सिलीतलं: 'आखणी आपण केली. त्यांना करू द्या.' मग आम्ही खडूने मुलांना आखायला दिलं, रोज नवी, रोज पुसायची. ते चाललं. रंगवलेल्या फरशीचा फोटो आजही कुठल्या तरी अहवालात असेल, पण चाललं ते खडूचं.

संख्येवरची पानं सगळ्यात जास्त आहेत. प्रशिक्षणात दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या शिकवल्या होत्या. दहा काड्या झाल्या की रबर लावायचा, हे आता सगळ्या शाळांत चालतं. आमच्या पाड्यावर मुलं घरी पावरी बोलणारी, मराठी त्यांना शाळेतच भेटलेली. आजी-आजोबा विशीने मोजणारे: दोन विसा आणि दहा म्हणजे पन्नास. आपल्याकडच्या खेड्यांतही जुनी माणसं असंच मोजायची. उजव्या पानावर एका मुलीची नोंद आहे. तिने दहाचे दोन गठ्ठे रबराने एकत्र बांधून ठेवले होते. मी विचारलं तर म्हणाली, आजी असंच बांधते. मी ते सोडवून घेतले नाहीत, दोन दहांचा एक वीस म्हणून तसेच फळ्यावर काढले. सरांनी समासात फक्त एक उद्गारचिन्ह दिलंय.

त्याच पानांत संख्या लिहिण्याच्या चुकांचे तक्ते आहेत. बेचाळीस सांगितलं की २४, त्रेसष्ट सांगितलं की ३६. जसं ऐकलं तसं लिहिलं, आधी बे मग चाळीस. एकोणसाठला ६९ लिहिणारे बरेच, कारण साठ तर कानावर पडलेला असतो. कोण किती वेळा, कोणत्या महिन्यात, कशाने सुटलं, असं ते लिहिलेलं. तेव्हा त्याचा उपयोग एवढाच की पुढच्या आठवड्यात कुणाला काय द्यायचं ते कळावं.

मग २०१९ उजाडलं. बालभारतीचं दुसरीचं गणिताचं पुस्तक बदललं आणि त्यात एकवीसबरोबर 'वीस एक', बासष्टबरोबर 'साठ दोन' अशी वाचनाची पद्धत आली. केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. टीव्हीवर चर्चा, विधानसभेत टोलेबाजी, व्हॉट्सॲपवर विनोदांचा पाऊस. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांचे आणि उलट क्रमाचे शब्द लहान मुलांना जड जातात, जुनी नावं काढलेली नाहीत, नवी पद्धत सोबत दिली आहे. ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

त्या वर्षी मी नव्या जिल्ह्यात, दुसरीलाच होते. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, विषय निघाला. निम्मे म्हणाले मराठीची वाट लागली, निम्मे म्हणाले वरून आलंय तर करायचं. मी पाड्यावरचा तक्ता वाचून दाखवला. मत नाही सांगितलं, तक्ता वाचला: एवढी मुलं, या संख्या, या प्रकारे उलट, एवढ्या महिन्यांनी सरळ. सभागृह शांत झालं असं काही नाही, दोघे-तिघे चहाकडे गेलेच. पण केंद्रप्रमुखांनी वही मागितली, आणि दोन ताईंनी आपापल्या वर्गात तसाच तक्ता घालायचं ठरवलं. माझ्या नाशिकच्या वर्गात पुढे जे दिसलं तेही उजव्या पानावर आहे: 'साठ दोन' म्हटल्यावर लिहिण्यात उलटापालट जवळजवळ होत नाही, पण बाजारात आईबरोबर गेलेल्या पोराला बासष्ट म्हणता आलं नाही तर आई हसते आणि पोर गप्प होतं. म्हणून दोन्ही हवं. पुस्तकातही दोन्ही होतं.

नोंद नसती तर मीही त्या परिषदेत दोनपैकी एका बाजूला हात वर केला असता.

सलग वाचताना काही रिकाम्या जागाही दिसल्या. भाषा, गणित, मूल्यमापन यांची पानंच्या पानं, पण विशेष गरजा असलेल्या मुलांवर जवळजवळ काही नाही. समावेशित शिक्षणाचं प्रशिक्षण आलं की नाव नेहमी दुसऱ्या कुणाचं जायचं, कारण नावं पाठवताना 'मागच्या वेळी कोण गेलं होतं' एवढंच पाहतात, 'कुणाला काय मिळालेलं नाही' ते पाहत नाहीत. ते पाहायला कुणाकडे नोंदच नसते. माझ्या वर्गात त्या वर्षी एक कमी दिसणारा मुलगा होता. मी यादी घेऊन गटसाधन केंद्रात गेले आणि विशेष शिक्षकांना म्हटलं, पूर्ण कारकिर्दीत मला हे एवढंच मिळालंय, आता तुम्ही माझ्या वर्गात येऊन दाखवा. यादी पाहून त्यांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी मोठ्या अक्षरांचं साहित्य, उजेडाची बाजू, फळ्यापासूनचं अंतर असं साधंसाधं दाखवलं. असं वर्गात येऊन दिलेलं एका दुपारचं प्रशिक्षण कुठल्याच पोर्टलवर चढत नाही. माझ्या वहीत ते चार पानं आहे.

पोर्टलचा विषय निघालाच आहे तर. निष्ठा हे केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण २०१९ मध्ये सुरू झालं ते समोरासमोर, करोनात ते दीक्षा या पोर्टलवर आलं, प्राथमिकसाठी अठरा घटक. मग मूलभूत साक्षरता व संख्याज्ञानाचं. प्रमाणपत्रं पीडीएफमध्ये, नावासकट, क्यूआर कोडसकट. याचा मोठा फायदा आहे, मोबाइल बिघडला तरी लॉगिन तेच असेल तर प्रमाणपत्र परत मिळतं. पण लॉगिन तेच पाहिजे. आमच्यात अनेकांनी पासवर्ड विसरला की नवं खातं काढलं, आणि आता अर्धी प्रमाणपत्रं एका खात्यात, अर्धी दुसऱ्या. नाव सेवापुस्तकाप्रमाणे आहे की नाही ते पहिल्या दिवशी पाहायचं, कारण प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. मी आता वहीच्या शेवटच्या पानावर जावक क्रमांकाच्या रकान्यात लॉगिन कोणत्या नंबरचं, ते लिहिते. पीडीएफ ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवते, विषयात साल आणि विषय लिहून.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने दर वर्षी किमान पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. म्हणजे आता तास मोजले जाणार. मोजायला हरकत नाही. फक्त व्हिडिओ लावून भाकरी भाजत घालवलेला तास आणि त्या मुलीचे बांधलेले गठ्ठे पाहत बसलेला तास, यातला कोणता तास पोर्टलला दिसतो हे सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या तासाची नोंद ठेवायची तर ती आपणच ठेवायची, दुसरं कुणी ती ठेवूच शकत नाही.

फाईल गेली. मध्ये एकदा त्रुटी लागून परत आली: एका वर्षाच्या गोपनीय अहवालावर पुनर्विलोकन अधिकाऱ्याची सही नव्हती. ती मिळवायला त्या काळच्या अधिकाऱ्यांचा शोध घेण्यात उन्हाळा गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, प्रत्येकाच्या फाईलमध्ये असं एक पान असतंच. २०२३ मध्ये आदेश निघाला, माझ्यासोबत तालुक्यातल्या बऱ्याच जणांची नावं होती. वेतननिश्चिती झाली. फरकाचं बिल नेहमीप्रमाणे अनुदान येईल तेव्हा.

भाऊसाहेबांनी मात्र शेवटच्या पानाचा नमुना मागून घेतला. त्याच्या झेरॉक्स काढून ते आता बदलून येणाऱ्यांना देतात: पत्र, जावक क्रमांक, तारीख, विषय, प्रमाणपत्र आहे की नाही. त्यांच्या सोयीचं आहे, शिक्षक कागद शोधायला त्यांच्या टेबलाशी उभे राहत नाहीत. उजव्या पानाचा नमुना कुणी मागितला नाही, आणि तो छापून देण्यासारखा नाहीही.

आमच्या शाळेत गेल्या वर्षी एक तरुण सर रुजू झाले. सोळा हजार मानधनावर, तेही बाहेरच्या जिल्ह्यातून. त्यांना वह्या दाखवल्या. चाळता चाळता ते एका पानावर थांबले आणि हसायला लागले. डाव्या पानावर विषय, तज्ज्ञांचं नाव, वेळ सगळं व्यवस्थित. उजव्या पानावर एवढंच: 'नवीन काही नाही. माइक बंद. जेवण चांगलं होतं.'

"मॅडम, असं पण लिहायचं?"

म्हटलं, लिहायचं. पुढच्या वर्षी तेच प्रशिक्षण पुन्हा आलं आणि शाळेतून एकाचं नाव द्यायला सांगितलं, तेव्हा मी हे पान मुख्याध्यापकांना दाखवलं. त्यांनी माझं नाव दिलं नाही. ते स्वतः गेले, कारण त्यांना जेवणाचं वाक्य आवडलं होतं.